बाहीखालची काच

मंगलचा उजवा हात प्रेसमध्ये होता आणि रॅम खाली येऊन तिथंच रुतला होता. मोटर गुरगुरत होती, मोटरचा पट्टा जाग्यावर घसरून जळका वास सुटला होता. मंगल ओरडत नव्हती. डावा हात मशीनला टेकून ती उभी होती, नळाखाली हंडा भरायची वाट बघत बाई उभी राहते तशी. तिच्या हाताला माझा पट्टा होता आणि पट्ट्याला माझी दोरी. रॅम खाली यायच्या आत हात मागं ओढायला मीच बसवलेली. दोरी ताणलेली होती आणि बोटं आतच होती.

मी आधी मेन स्विच पाडला. सुपरवायझर गिरी पळत आला आणि त्याचा हात परत स्विचकडंच गेला.

"चालू करतो, मावशी. फेरा पुरा झाला की जाईल वर आपोआप."

"स्विचला हात लावलास तर तोडीन तो."

"मग करायचं काय?"

"इब्राहिमभाईला बोलव. मोठा पाना आणि पाइप घेऊन ये म्हणावं."

मंगल तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मावशी, बांगड्या फोडू नका."

पुढचं सांगण्याआधी प्रेस म्हणजे काय ते सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही. प्रेस म्हणजे माणसाहून उंच लोखंडी धूड. वर एक जड चाक मोटरवर सारखं फिरत असतं. साच्याचा अर्धा भाग खाली टेबलावर बसवलेला, अर्धा वर रॅमला, म्हणजे वर-खाली होणाऱ्या जड ठोकळ्याला. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, पायानं पॅडल दाबायचं, रॅम खाली येतो, पत्रा वाकतो, रॅम वर जातो. तुकडा काढायचा, दुसरा ठेवायचा. हात आत, हात बाहेर, पाय खाली. हे सकाळपासून सुट्टी होईपर्यंत. हातापायाचा ताल बसला की माणूस दुसराच विचार करत हे करतो. दमलं की ताल चुकतो, कोणी हाक मारली की चुकतो, घरी लेकरू आजारी असलं की चुकतो. आमच्या भागात चहाच्या टपरीवर ग्लास धरलेल्या हाताकडं बघून माणूस प्रेसवरचा आहे हे ओळखू येतं.

माझं शिक्षण चौथी. करमाडच्या पलीकडं आमचं खेडं, तिथं शाळा तेवढीच होती आणि पुढं पाठवावं असं कोणाला वाटलं नाही. नवरा गेल्यावर दिरांच्या हाताखाली शेतात राबायचं की शहराकडं यायचं, एवढाच प्रश्न होता. मी आले. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. चितेगावच्या एका शेडमध्ये प्रेसवर लागले. या अंकाच्या संपादकांनी मला पत्रात 'संशोधक' म्हटलंय. एका इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्या नावाखाली 'भविष्यवेधी तंत्रज्ञ' लिहिलं होतं, ते मला दोनदा वाचावं लागलं. मी प्रेसवरची बाई. शेजारच्या प्रेसवरच्या कौसाबाईची चार बोटं एका दुपारी गेली. ती बोटं गोळा करायला मीच वाकले होते. त्यानंतर मी वस्तू करायला लागले.

पहिली वस्तू ही दोरीच. सायकलच्या ब्रेकची वायर घेतली. तिचं एक टोक रॅमला बांधलं, ती मागच्या बाजूला एका कप्पीवरून घेतली आणि दुसऱ्या टोकाला पट्टा लावून तो हाताला बांधला. रॅम जसा खाली यायला लागतो तशी दोरी हाताला मागं ओढते. बाईनं लक्ष दिलं नाही, डोळा लागला, तरी हात बाहेर येतो. शोध एकदम सुचतो असं लोकांना वाटतं. मला काही सुचलं नव्हतं. ब्रेक दाबला की वायर ओढली जाते हे शेडबाहेर सायकली लावताना रोज दिसायचं. त्यानंतरचे कितीतरी महिने फक्त वायरची लांबी कमी-जास्त करण्यात गेले. कमी झाली तर साच्यापर्यंत हातच पोहोचत नाही, जास्त झाली तर बोट आत राहतं. मधली जागा लई थोडी. आणि ती प्रत्येक बाईची वेगळी, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. म्हणून रोज सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीची दोरी मोजायची, हे काम मी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

शेठनं दोरीच्या पेटंटचा कागद मुंबईला पाठवला आणि तो त्याच्या नावावर झाला. मला शेडमध्ये एक कोपरा, एक टेबल आणि वस्तू आवळून धरायचा एक व्हाइस मिळाला. पुढं बाकीच्या शेडमधूनही बोलावणी यायला लागली. दोरी झाली, मग पॅडलवरचं झाकण झालं, मग तुकडा हातानं न धरता उचलायचा चुंबकाचा चिमटा झाला. त्याला बायका 'मावशीची चिमणी' म्हणायच्या.

नाव झालं की लोक घरी यायला लागतात. करमाडचे एक रिटायर गुरुजी यायचे. धोतर पांढरं स्वच्छ, बगलेत वही. त्यांना वीज न लागणारी मोटर करायची होती. एकदा हातानं फिरवून दिलं की मोटर डायनामोला फिरवणार, डायनामो मोटरला वीज देणार, आणि हे असंच चालू राहणार.

मी म्हणाले, "गुरुजी, घरात सासूनं सुनेला काम सांगायचं आणि सुनेनं सासूला. स्वयंपाक होतो का?"

"तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"तरीच," असं म्हणून ते वही मिटून गेले.

पण पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा यंत्रच घेऊन आले. ते फिरलं आणि मीठभाकरी खाऊन होईपर्यंतसुद्धा न टिकता थांबलं. मी हसले. गुरुजी हसले नाहीत. नंतर मी ते यंत्र हातात घेऊन बघितलं. एक स्क्रू वाकडा नव्हता, एक तार ढिली नव्हती. असं काम माझ्या हातून कधी झालं नाही. त्या हातांना मी दुसरं काहीतरी करायला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, नुसती थट्टा केली. परत ते आले नाहीत.

कॉलेजात मला दोन-तीनदा बोलावलं. पोरं-पोरी समोर बसलेल्या, हातात मोबाईल. एका पोरीनं विचारलं, "आजी, वीस वर्षांनी काय असेल?"

मी म्हणाले, "प्रेससमोर बाई नसेल."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी चांगलं काहीतरी सांगितलं. आता आमच्या भागातल्या मोठ्या कंपन्यांमध्ये लोखंडी हात तुकडा ठेवतो आणि काढतो, आणि लोक म्हणतात, मावशी आधीच बोलल्या होत्या. त्यात काय भविष्य. ज्या कामात माणसाचं बोट जातं ते काम एक दिवस माणसाकडून काढून घेतात. बोटाची दया येते म्हणून नाही, बोट गेलं की होणारा घोळ नको म्हणून. बोटं वाचली आणि कामं गेली. मला दोन्ही दिसत होतं. मी बोटांचं बघत बसले. कामं गेल्यावर ह्या बायांनी काय करायचं त्यासाठी एक चिमटासुद्धा माझ्या हातून झाला नाही. आता त्या शिवणकाम करतात, डबे देतात, काही घरी बसून आहेत. रस्त्यात भेटल्या की अजून मावशी म्हणतात. मला ते बरं वाटत नाही.

मंगलचं मात्र वेगळं. ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या वस्तूनं झालं.

मंगल पैठणकडच्या एका खेड्यातली, लग्नाला दोन महिने झालेले. नवरा ट्रकवर. शेठनं प्रेसवर काचेच्या बांगड्यांना मनाई केली होती. ती मनाई बरोबरच होती. पण साडीवर कंपनीचा लांब बाह्यांचा शर्ट घालावा लागायचा आणि बायका बांगड्या वर सरकवून बाहीखाली दडवायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. गिरीलाही माहीत होतं, पण तो बाप्या माणूस, कोणाची बाही वर करून बघणार.

त्या सकाळी मी मंगलची दोरी मोजायला गेले. पट्टा मनगटाशी बांधायला हात लावला आणि बाहीखाली काच करकरली. थोडीथोडकी नाही, मनगटापासून वर भरलेला चुडा होता. मंगलनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं.

मी तोंडावर बोलणारी बाई आहे. शेठला बोलले आहे, तपासणीला आलेल्या साहेबाला बोलले आहे. पण नव्या सवाष्णीला हातातला हिरवा चुडा काढ म्हणून विधवेनं सांगायचं नसतं. हे कोणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. माझ्या बांगड्या माझ्या थोरल्या जावेनं उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडल्या. तेव्हापासून मी कोणाच्या हळदीकुंकवाला गेले नाही आणि कोणाच्या बांगड्यांना हात लावला नाही. तर मी 'काढ' म्हणाले नाही. बांगड्यांच्या वरून, मनगटापासून थोडा मागं, बाहीवरच पट्टा करकचून बांधला. दोरी मोजली. माप बरोबर आलं. मी पुढच्या प्रेसकडं गेले.

काचेच्या गोल बांगड्यांवर बांधलेला पट्टा म्हणजे गोट्यांवर ठेवलेली फळी. उभ्यानं माप घेताना ती हलत नाही. काम करताना हलते. चहाच्या सुट्टीनंतर रॅम खाली आला तेव्हा दोरीनं पट्टा ओढला, पण पट्टा आधी बांगड्यांसकट कोपराकडं सरकला आणि मग हात ओढला गेला. तेवढ्यात बोटं सापडली. हात तिरका झाल्यानं पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक चढले, जाडी दुप्पट झाली आणि रॅम मध्येच रुतला. नाहीतर पंजाच राहिला नसता.

इब्राहिमभाई आले. ते आमचे फिटर, शहागंजकडचे, पांढरी दाढी, बोलायला कमी. त्यांनी रॅमकडं बघितलं, मग मंगलकडं.

"मोटर कू किसी कू हात नक्को लगाने दो, मावशी. स्क्रूसेच उठाना पडेगा."

साच्याच्या उंचीप्रमाणे रॅम वर-खाली करायला वरच्या बाजूला एक जाड स्क्रू असतो. तो फिरवला की रॅम केसाकेसानं उचलतो. उलटा फिरवला तर केसाकेसानं दाबतो.

गिरी म्हणाला, "उजवीकडं."

मी म्हणाले, "डावीकडं."

इब्राहिमभाईंनी गिरीकडं बघितलंही नाही. पान्याला पाइप लावला आणि डावीकडं जोर दिला. स्क्रू हलेना. आणखी दोन माणसं पाइपला लागली.

तोवर मी दोरी तोडली, कारण ती रुतलेल्या हाताला ओढत होती. मग पट्टा सोडला आणि बाही कात्रीनं कापली. हात सुजत चालला होता. पट्ट्याच्या दाबानं काही बांगड्या फुटून मांसात गेल्या होत्या, बाकीच्या शाबूत होत्या पण रुतल्या होत्या. बाहेर राहिलेली बोटं निळी नाही, काळी पडायला लागली होती. चुडा काढल्याशिवाय हातात रक्त जाणार नव्हतं, आणि सुजलेल्या हातातून चुडा निघणार नव्हता.

"फोडू नका, मावशी," मंगल म्हणाली. "ते गाडीवर हायेत. आंध्रात गेलेत."

"हात जाईल तुझा."

"जाऊ द्या."

भोवती शेडमधल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. मी पक्कड मागितली. कोणी पुढं झालं नाही. एकीच्या हातात पक्कड होती, तिनं ती पदराखाली घेतली. आपल्या हातानं दुसऱ्या सवाष्णीचा चुडा फुटावा असं कोणालाच नको होतं.

गिरी हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही नका. दुसऱ्या कोणाला तरी... तुम्ही..." आणि थांबला.

"मी विधवा आहे ते मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुझ्या खिशातली पक्कड दे."

त्यानं दिली.

मंगलनं तोंड भिंतीकडं केलं. मी एकेक बांगडी पकडीत धरून, मांसाला लागू नये म्हणून आडवी दाबून फोडत गेले. पहिली फुटली तशी ती हमसून रडायला लागली. रॅम खाली आला तेव्हा ती रडली नव्हती. सगळ्या फोडून झाल्या तेव्हा वरून कर्र असा आवाज आला आणि इब्राहिमभाई म्हणाले, "हिल्या. धीरे, अब धीरे." रॅम नखभर उचलला. आणखी नखभर. मी तिचा हात दोन्ही हातांनी बाहेर घेतला. तर्जनी आणि मधलं बोट राहिलं नव्हतं. अंगठा, करंगळी आणि तिच्या शेजारचं होतं. शेठच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात संध्याकाळी तिची सासू आली. तिनं पट्टी बांधलेल्या बोटांकडं आधी बघितलं नाही. मोकळ्या मनगटाकडं बघितलं.

"कोणी फोडल्या?"

"मी."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं आणि पाठ फिरवली. मग मुलाला फोन लावला. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. ट्रकमालकाला विचारलं तर तो म्हणाला, माल उतरवला हे कळलंय, पुढचं कळलं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. बांगडीनं माणूस जगत नाही आणि मरतही नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी ते दोन दिवस मी जरा वेळ गेला की गिरीला विचारत होते, फोन लागला का. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच असं करायला लागल्यावर आम्ही काय करावं?"

घरी बसवेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी गुलमंडीकडं एका कासारणीकडं गेले. कुंकवाच्या बायकांच्या गर्दीत मागं उभी राहिले. माझी पाळी आली तशी तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि काय पाहिजे असं विचारलं. मी म्हणाले, बांगडी हातातून गळून का पडत नाही ते सांग. तिला वाटलं बाई खुळी आहे. पण तिनं माझा हात हातात घेतला. कासारणीनं माझा हात धरून किती वर्षं झाली होती ते मी मोजलं नाही. अंगठ्याखालचं हाड दाबत ती म्हणाली, "मनगटानं न्हाय राहात, बाई. ह्या हाडानं राहते. चढवताना हेच आत दाबावं लागतं. मग बांगडी बाहेर येत न्हाय."

मी घरी येऊन तेवढंच केलं. त्या हाडाच्या पुढं, पंज्याला वेढा घालून आणि अंगठ्याच्या खाचेतून पट्टा घेतला. ज्या हाडामुळं बांगडी पुढं येत नाही त्याच हाडामुळं हा पट्टा मागं सरकत नाही. मनगट सगळं मोकळं राहतं, बाईनं तिथं काय घालावं ते तिचं ती बघेल. इतकी सोपी गोष्ट. बारक्या पोरीलाही सुचली असती, तिच्या हातात बांगड्या असत्या तर. मी सगळी मापं माझ्या मोकळ्या हातावर घेत आले होते आणि तो हात सगळ्यांसारखा आहे असं धरून चालले होते. पुढं तोच पट्टा सगळीकडं गेला. त्याचा कागदही शेठच्याच नावावर झाला. त्याबद्दल मला आता काही वाटत नाही. तो पट्टा त्या सकाळच्या आधी झाला नाही, याबद्दल वाटतं.

आणि मी 'काढ' म्हणाले असते तर तोही लागला नसता. दोन अक्षरांचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात मंगलच्या खाटेशी बसले होते. सासू पलीकडच्या बाजूला, माझ्याशी न बोलता संत्रं सोलत होती. दारातून एक काळासावळा, धुळीनं भरलेला माणूस आत आला. ट्रक खाली रस्त्यावर उभा करून आला होता. त्याचा मोबाईल धाब्यावरच्या हौदात पडला होता आणि इकडं काय झालं हे त्याला पैठणच्या नाक्यावर कोणीतरी सांगितलं होतं. सासू उठली आणि तिनं संत्रं तसंच हातात धरून त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

त्यानं बायकोचा हात बघितला.

"दुखतंय का?"

"लई नाय," मंगल म्हणाली. मग म्हणाली, "चुडा फुटला."

"फुटू दे. घेऊ दुसरा." मग तो माझ्याकडं वळला. "तुमीच का मावशी?"

"व्हय."

सासूच्या हातातलं सोललेलं संत्रं घेऊन त्यानं अर्धं माझ्यापुढं धरलं. मी ते घेतलं आणि खाल्लं.

शेड आता नाही, तिथं गोडाऊन आहे. इब्राहिमभाई वारले. गिरी पुण्याला गेला असं ऐकते. मंगलनं डाव्या हातानं लिहायला शिकून अंगणवाडीत काम धरलं. ती आहे, तिचा नवरा आहे, आणि मी आहे.